शहाणी गाठ

२ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या रोजनिश्या त्यांच्या मागे लोक वाचतात हे माहीत आहे, पण ही फक्त माझ्यासाठी. अक्षर मात्र नीट काढावं.

या वर्षी पेपर पुरा करून पाठवायचाच. साखर बंद. सकाळी चालणं. हेडशी वाद घालायचा नाही, कारण ते वर्षअखेरीस रिटायर होतायत आणि त्यांच्या खुर्चीत कोण बसणार हे त्यांच्याच शिफारशीवर ठरेल. चष्मिसशी कामापुरतंच बोलायचं. माझ्याच पॅथॉलॉजी विभागात, माझ्यापेक्षा बरीच लहान, आणि डोळा थेट खुर्चीवर.

आज चाललो नाही. बूट सापडले नाहीत. बायको म्हणाली, माळ्यावर टाकलेत, गेल्या वर्षीही सापडत नव्हते.

४ जानेवारी, बुधवार

पेपर गाजल्यावर मुलाखती होतील. सोप्या भाषेत सांगता आलं पाहिजे. म्हणून इथे सराव.

यकृताची पेशी शहाणी असेल तर यकृताचं काम करते. त्यातलं एक काम म्हणजे चरबी जाळणं. त्यासाठी तिच्याकडे एन्झाइम्स असतात. कॅन्सरची गाठ झाली की पेशी बिघडतात, पण सगळ्या सारख्या बिघडत नाहीत. काही गाठींतल्या पेशी अजून घरचं वळण विसरलेल्या नसतात, मूळच्या पेशींसारख्याच दिसतात. या शहाण्या गाठी. सावकाश वाढतात. काही मात्र पार उंडारलेल्या, कुठल्या घरच्या तेही ओळखू येत नाही. त्या झपाट्याने पसरतात. माझा शोध असा की चरबी जाळणारं एक विशिष्ट एन्झाइम शहाण्या गाठीत टिकून राहतं आणि उनाड गाठीत नाहीसं होतं. त्या एन्झाइमला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी टाकून स्लाइड रंगवली की शहाणी गाठ गडद तपकिरी दिसते, उनाड गाठ फिकी. बस्स. रंग बघा, निकाल द्या.

इथे मुलाखत घेणारी बाई थोडा वेळ अवाक होईल.

हे सगळं मोठ्याने म्हणत होतो. बायकोने आतून विचारलं की फोनवर कोण आहे.

९ जानेवारी, सोमवार

यकृताच्या गाठींच्या चाळीस जुन्या केसेस रंगवून झाल्या. निकाल डोळे दिपवणारा. जवळजवळ सगळ्या बरोबर! माझी पद्धत अशी की आधी जुना रिपोर्ट वाचून घ्यायचा आणि मग स्लाइड बघायची. म्हणजे काय दिसायला हवं ते कळतं, डोळ्यांना दिशा मिळते. तीन केसेस उलट्या निघाल्या. तांत्रिक कारणास्तव बाद. कारण काय ते नंतर लिहीन.

चष्मिस खांद्यावरून डोकावली. विचारते, सर, कंट्रोल स्लाइड लावली ना? म्हणजे एक स्लाइड अँटिबॉडी न टाकता रंगवायची आणि ती कोरी राहते का बघायचं. कोरीच राहणार ना! पावडर न टाकता चहा केला तर तो काळा होतो का, हे तपासण्यातला प्रकार. वर म्हणाली, यकृतात बायोटिन हे जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं आणि आपल्या किटमधला रंग नेमका त्यालाही चिकटतो, म्हणून ते आधी झाकून घ्यावं लागतं. हे मला ती शिकवणार! ती शाळेत होती तेव्हापासून मी स्लाइडी रंगवतोय. झाकाझाकीत पाऊण तास जातो, आणि माझ्या हाताला त्याची गरज पडत नाही.

चहात अर्धा चमचा साखर. राग आला की साखर लागतेच, त्याला साखर म्हणत नाहीत.

१७ जानेवारी, मंगळवार

दादाच्या यकृतात गाठ निघाली.

बरेच दिवस पोटात टोचतंय म्हणत होता. मीच त्याला अॅसिडिटी सांगितली होती. शेवटी वहिनीने परस्पर स्कॅन करवला आणि मला फोन केला. चाळीस केसेस मी एकेक करून ट्रेमध्ये लावल्या, त्यातली एकही कुणाचा तरी दादा असेल असं कधी मनात आलं नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या दुकानात गेलो. बॅगांच्या चेन बदलणं, पट्ट्यांना भोकं पाडणं, हँडल शिवणं असं त्याचं काम. मला बघून म्हणाला, पुस्तक्या, तोंड कशाला पाडलंयस, गाठ मला झालीय. मला लहानपणापासून तो पुस्तक्याच म्हणतो. गिऱ्हाइकासमोरसुद्धा. मागे एकदा सांगून बघितलं होतं की मी आता सहयोगी प्राध्यापक आहे. तर गिऱ्हाइकाला म्हणाला, हा आमचा सहयोगी पुस्तक्या.

२४ जानेवारी, मंगळवार

बायॉप्सी आमच्याच लॅबमध्ये आली. भावाची केस म्हणून नियमाप्रमाणे मला दिली नाही, चष्मिसला दिली. तिचा रिपोर्ट: उनाड जात, झपाट्याने वाढणारी.

सर्जन म्हणाला, गाठ अजून लहान आहे, आत्ता अख्खी काढता येईल. पण कडेला मोठी शीर आहे. तिथे पोचली की हात लावता येणार नाही. सहा फेब्रुवारीची तारीख दिली. दादाने लगेच हो म्हटलं. मला एकदाही विचारलं नाही. घरात एकच डॉक्टर, आणि त्याला विचारायची पद्धत नाही.

दुसरं म्हणजे हा रिपोर्ट. दोन ओळींचा. इतक्या घाईने माणसाला उनाड ठरवायचं?

२५ जानेवारी, बुधवार

दादाच्या बायॉप्सीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा कपाटातून काढला. पातळ काप घेतला आणि माझ्या पद्धतीने रंगवला. काप सुंदर आला.

गडद तपकिरी! या टोकापासून त्या टोकापर्यंत!

रंगकामाच्या खोलीत नळ सोडून रडलो. कुणी बघितलं नाही. चष्मिस चुकली. दादाची गाठ शहाणी आहे.

नोंद: केस नंबर एक्केचाळीस.

२६ जानेवारी, गुरुवार

दादाकडे गेलो. त्याने हॉस्पिटलात न्यायची पिशवी आत्ताच भरून ठेवली होती. दोन पायजमे, टॉवेल, दाढीचं सामान, वर नवीन चेन लावलेली. मी म्हटलं, पिशवी रिकामी कर. मग बसवून नीट समजावलं. एन्झाइम, चरबी, रंग, सगळं. तीन महिने थांबू आणि परत स्कॅन करू, शहाण्या गाठीला इतक्या घाईने फाडायचं कारण नाही.

दादाने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, शंभर टक्के. तो म्हणाला, मग झालं तर, सर्जनपेक्षा आपल्या पुस्तक्याने जास्त पुस्तकं वाचलीत. वहिनी म्हणाली, भाऊजी, सर्जन तर थांबू नका म्हणाले होते. मी म्हटलं, वहिनी, सर्जनला कापता येतं, म्हणून त्याला सगळं कापण्यासारखंच दिसतं.

तीन महिने गाठ वाढली नाही तर माझ्या शोधाला जिवंत पुरावा मिळेल, हे आत्ता लिहिताना सुचलं. तेव्हा अजिबात मनात नव्हतं. पेपरचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पेपरात मात्र हा मुद्दा छान बसेल.

३० जानेवारी, सोमवार

सगळे जण माझ्या मुळावर उठलेत. सर्जनने फोन करून झापलं. म्हणाला, तुम्ही काचेवरचा कण बघता, मी पोट बघतो. चष्मिस केबिनमध्ये आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, सर, तुमची स्लाइड दाखवा आणि शेजारी एक कंट्रोल लावा, मी चुकले असेन तर रिपोर्ट बदलते. हेड म्हणाले, बाहेरच्या लॅबचं मत घेऊ या. मी म्हटलं, माझ्या भावाची गाठ आहे, गावभर फिरवायची नाही. हे सगळ्यांना पटलं असावं, कारण पुढे कुणी काही बोललं नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं की यात तू दादांचा भाऊ आहेस की पेपरचा लेखक. मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, तेच विचारतेय.

तिच्याशी उद्यापर्यंत अबोला. तिला अजून कळलेलं नाही.

६ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑपरेशन झालं असतं. त्याऐवजी दादा दुकानात बसलाय, पाय हलवत चेन ओवतोय. डोळे भरून बघितलं. गिऱ्हाइकांना सांगत होता की भाऊ नसता तर आत्ता टेबलावर असतो. मी नको नको म्हणत तिथेच उभा राहिलो. एका म्हाताऱ्याने मला त्याच्या गुडघ्याबद्दल विचारलं.

पेपरचा मसुदा जवळजवळ तयार. उद्यापासून चालायला जाणार.

२ मार्च, गुरुवार

पेपर पाठवला! शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य घातलं: गडद तपकिरी गाठ असलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेविना उत्तम आहे. नाव अर्थातच दिलं नाही.

उत्तम रुग्णाला भेटून आलो. थोडा बारीक झालाय. त्याने म्हणे साखर सोडली. बघा, माझ्याच्याने जे झालं नाही ते त्याने करून दाखवलं. वहिनी म्हणाली, सोडली नाही, जात नाही. अन्नच जात नाही. बायकांना प्रत्येक वाक्य दुरुस्त करायची सवय असते.

२१ मार्च, मंगळवार

दादाने पट्ट्याला नवीन भोक पाडलं. त्याच्याकडे भोक पाडायचं यंत्र आहे म्हणून पाडतो, आपण एवढं मनावर घेत नाही.

त्याचे डोळे जरा पिवळट वाटले. दुकानातला बल्ब पिवळा आहे. वहिनी म्हणाली, स्कॅन आत्ताच करू या का. मी म्हटलं, तीन महिने म्हणजे तीन महिने, मध्येच बघितलं तर निरीक्षण बिघडतं. दादा म्हणाला, त्याला कळतं, राहू दे.

मला कळतं. हे वाक्य आज दिवसभर डोक्यात फिरतंय. का ते कळत नाही.

१० एप्रिल, सोमवार

दादा दुकान अर्धाच दिवस उघडतो. उन्हाळा आहे.

१८ एप्रिल, मंगळवार

जर्नलकडून उत्तर आलं. तपासणारा कोण ते कळवत नाहीत, पण भाषा चष्मिससारखी वाटते. ती नसणार, तरी वाटते. काम रंजक आहे, मात्र अँटिबॉडी न टाकलेल्या कंट्रोल स्लाइडचा फोटो जोडल्याशिवाय विचार करता येणार नाही. सगळ्या जगाला कोऱ्या काचेचे फोटो हवेत. ठीक आहे, देतो. एक दिवसाचं काम.

१९ एप्रिल, बुधवार

कंट्रोल लावली, केस नंबर बारावर. अँटिबॉडी टाकली नाही. तपकिरी आली.

किट खराब असणार. बाटलीवरची तारीख उलटलेली नाही, पण कंपन्या काय वाटेल ते छापतात. नवीन किट मागवलं.

२० एप्रिल, गुरुवार

नवीन किट. अँटिबॉडी नाही. तरीही तपकिरी. केस सात, एकोणीस, तेवीस, सगळ्या तपकिरी. पावडर न टाकता चहा काळा झाला.

चष्मिस पलीकडच्या टेबलावर होती. तिला दिसलं असणार. तिने मान वर केली नाही, याचा मला राग आला. हसली असती तर भांडता आलं असतं.

दादाचा ठोकळा काढला नाही. त्याची गरज नाही. त्याची केस वेगळी आहे.

२१ एप्रिल, शुक्रवार

काढला.

अँटिबॉडी न टाकता: गडद तपकिरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग बायोटिन झाकून, पाऊण तास घालवून, सगळं पुस्तकात लिहिलंय तसं करून, अँटिबॉडी टाकून: फिकी. ते एन्झाइम नाहीच. जानेवारीत मला जे दिसलं ते यकृतातलं जीवनसत्त्व होतं.

नंतर रंग न दिलेल्या साध्या स्लाइडकडे बघितलं. चष्मिसने बघितली होती ती. शिकाऊ पोरालाही ओळखता यावी अशी उनाड गाठ. मी ही स्लाइड तेव्हा बघितली का, हे आठवायचा प्रयत्न केला. बघितली नव्हती. रंग बघा, निकाल द्या.

तरी स्कॅन व्हायचाय अजून. काही उनाड गाठीसुद्धा कधी कधी थांबतात. वाचलंय कुठेतरी.

२६ एप्रिल, बुधवार

स्कॅन झाला. गाठ शिरेत शिरली आहे. दुसरीकडेही दोन ठिपके.

सर्जनने फिल्म उजेडाला धरली आणि मला दाखवली. ओरडला नाही. म्हणाला, आता ऑपरेशन होणार नाही, त्रास कमी राहील एवढं बघू. खुर्ची पुढे सरकवली आणि बसा म्हणाला. जानेवारीत झापलं होतं तेव्हा त्याला काहीतरी करता येत होतं. आता तो माझ्याशी नातेवाइकाशी बोलतात तसं बोलला.

वहिनी बाहेर बाकावर होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि सरकून मला बसायला जागा केली.

२९ एप्रिल, शनिवार

पेपर मागे घेतला. हेडना सांगितलं. ते म्हणाले, खुर्चीचं नंतर बघू. म्हणजे बघणार नाहीत.

एक विचार आला. यकृतातल्या बायोटिनमुळे होणारी फसगत हाही विषय छापण्याजोगा आहे. छोटा लेख, धडा म्हणून. एक्केचाळिसावी केस उदाहरणाला घेतली तर परिणाम

वरचं वाक्य अर्धं सोडतोय. हे मी लिहिलं, माझ्याच हाताने, नीट अक्षरात. मला माझी किळस आली.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला जानेवारीत कळलं होतं. मी विचारलं, मग आरडाओरडा का केला नाहीस. ती म्हणाली, केला होता, तू अबोला धरला होतास.

३ मे, बुधवार

दादाला सांगायला हवं. उद्या.

५ मे, शुक्रवार

वहिनीला फोन करून कळवलं की रविवारी येतो, दादाशी जरा बोलायचंय. काल लॅबमध्ये फार काम होतं. नव्हतं.

७ मे, रविवार

दादाकडे जाऊन आलो.

वाटेत वाक्यं जुळवत गेलो. पहिल्या वाक्यात किट आलं होतं, ते काढलं. दुसऱ्यात सर्जन होता, तोही काढला. मग जे उरलं ते फारच छोटं होतं. दादा, मी चुकलो आणि तू मरणार आहेस. हे कसं म्हणतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या कामात आम्ही कागदावर लिहितो, सांगतो दुसराच कुणीतरी.

दादा खाटेवर टेकून बसला होता. अंग चांगलंच पिवळं, पोट फुगलेलं, हात काड्यांसारखे. बस पुस्तक्या म्हणाला. आणि मी तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला. म्हणाला, हे बघ, तू काय सांगायला आलायस ते मला माहीत आहे, तेव्हा आधी माझं ऐक. ऑपरेशनला मीच घाबरलो होतो. तू थांब म्हणाला नसतास तरी मी त्या दिवशी कुठेतरी पळून गेलो असतो. पोट फाडून घेऊन तीन महिने खाटेवर पडण्यापेक्षा दुकानात बसलो, चार माणसांशी बोललो, हे कितीतरी बरं झालं. तुझं फक्त निमित्त. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस, आणि तुझं ते संशोधन सोडू नकोस.

एका दमात बोलला. कुठेही थांबला नाही. मग धाप लागली म्हणून डोळे मिटून पडून राहिला.

इतकं हलकं वाटलं की मला रडूच आलं. त्याच्या पायांवर हात ठेवून बसलो. मनात म्हटलं, खरंच आहे. शेवटी पेशंटची इच्छा असते. त्याला नकोच होतं, मी फक्त त्याच्या मनातलं बोललो. या बाजूने मी विचारच केला नव्हता. वहिनीने चहा दिला, तो घेतला. कितीतरी दिवसांनी चहाला चव लागली.

निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आली. दार मागून ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, भाऊजी, तुम्ही येणार म्हणून कळलं तेव्हापासून ते हे सगळं पाठ करत होते. मला समोर बसवून म्हणून दाखवत होते. मध्ये अडखळलो तर पुस्तक्याला कळेल, म्हणाले.

मी बरं म्हणालो.